चहाच्या गुलाबाचे सहा डोळे

समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. जे आधीच दहा वर्षांचे आहेत त्यांनी नुसतं बसून राहावं. समजा, दसरा होऊन चार दिवस झालेत, रविवार आहे, सकाळचे आठ वाजलेत आणि तुमच्या उजव्या हातात झाडं छाटायची कात्री आहे. खरी. लाल मुठीची, स्प्रिंगची, मिटली की कच् असा आवाज करणारी. समोर दुसऱ्याच्या अंगणातले गुलाब आहेत. घराला कुलूप आहे आणि किल्ली तुमच्या आईकडे आहे. ‘हात लावू नकोस’ असं तुम्हाला कुणीही म्हटलेलं नाही.

काय कराल?

मी छाटणी केली.

ही आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीतली गोष्ट. माझे वडील कारखान्यात फिटर होते आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये अंकलीकर काका राहत. ते लॅबमध्ये केमिस्ट होते. दिवसभर उसाच्या रसाच्या बाटल्या तपासायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन गुलाबांपाशी बसायचं, एवढंच त्यांचं जग. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या. मी आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्या मागे मागे फिरायची. ते खुरपं मागायचे, मी द्यायची. ते बोलायचे, मी ऐकायची.

त्या वर्षी श्रावणापासून काकांच्या पोटात दुखत होतं. हर्निया निघाला आणि ऑपरेशनला मिरजेला जायचं ठरलं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, नंतर दीड महिना वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. जाण्याच्या दिवशी कारखान्याची जीप दारात उभी होती आणि काका गुलाबांकडे बघत उभे होते.

“यंदा छाटणी राहिली गं शालन,” ते म्हणाले. “पाणी तेवढं घालत जा.”

“छाटणी राहिली तर काय होतं?”

“काड्या माजतात. फुलं बोराएवढी येतात.”

“अहो, बसा गाडीत,” काकू आतून ओरडल्या. “डॉक्टर तुमचं पोट फाडायला थांबलाय आणि तुम्हाला बोरं सुचतायत!”

जीप गेली. मी ठरवून टाकलं. काका परत येतील तेव्हा छाटणी झालेली असेल. कोण म्हणेल राहिली?

छाटणीचे नियम मला पाठ होते. करड्या, जुन्या फांद्या काढायच्या. हिरव्या, नव्या, जोमदार ठेवायच्या. ठेवलेल्या फांदीवर बाहेरच्या अंगाला बघणारा डोळा शोधायचा. डोळा म्हणजे पानाच्या देठापाशी असतो तो बारीकसा फुगवटा, पुढची फांदी त्यातूनच निघते. त्या डोळ्याच्या वर बोटभर जागा सोडून तिरपा काप घ्यायचा. कापावर ओलं शेण लावायचं. बस.

पुढच्या अंगणात दहा झाडं होती. ती मी दुपारपर्यंत केली. हाताला ओरखडे आले, फ्रॉकला चार ठिकाणी काटे अडकले, पण झाडं अशी दिसत होती, जशी काकांनी केली की दिसतात. प्रत्येक कापावर शेणाची टिकली. मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन लांबून बघून आले.

अकरावं झाड मागच्या दारी होतं, धुण्याच्या दगडापलीकडे, जिथे सांडपाणी जायचं तिथे. तो चहाचा गुलाब. नाव कॉलनीनेच ठेवलं होतं. दूध जास्त झालेल्या चहाचा रंग आणि पाकळीच्या कडेला किंचित गुलाबी. कारखान्याच्या पहिल्या मॅनेजरच्या बंगल्यात असं एकच झाड होतं. नवं बॉयलर हाउस बांधायला तो बंगला पाडला, तेव्हा काकांनी त्या झाडाची एक काडी ओल्या रुमालात गुंडाळून आणली होती. बारा वर्षं झाली त्याला. तसा गुलाब पुढे कुठल्या नर्सरीत मिळाला नाही. काका दर सुट्टीत शोधून आले होते.

त्या झाडाला तीन फांद्या होत्या. तिन्ही करड्या, भेगाळलेल्या, खाली एकाच जाड गाठीतून निघालेल्या. आणि बुडाशी, त्यांच्या शेजारी, एक नवी फांदी उभी होती. माझ्यापेक्षा उंच, हिरवीगार, पेन्सिलीहून थोडी जाड. नियम अगदी सरळ होता. करडं काढायचं, हिरवं ठेवायचं.

तीन काप घेण्यापेक्षा गाठीखालून एकच घ्यावा, हे मला सुचलं. हुशारी म्हणा. कात्रीने जमेना, म्हणून काकांची छोटी करवत आणली. पाच मिनिटांत तिन्ही फांद्या एकदम हातात आल्या. मी शेण लावलं.

मग फांद्या गोळा करताना माझी नजर पानांवर गेली.

तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. बागेतला गुलाब बहुतेक वेळा दोन झाडांचा मिळून असतो. खाली रानगुलाबाचं मूळ, कारण ते चिवट असतं. त्यावर आपल्याला हव्या त्या गुलाबाचा एक डोळा बसवतात. जिथे बसवतात तिथे पुढे गाठ होते. गाठीच्या वर फुटतं ते आपलं, खाली फुटतं ते रानाचं. काकांनी एकदा जाता जाता मला खूण सांगितली होती. आपल्या बागेत पाच पानांची डहाळी घरची, सात पानांची रानाची. काका दुखण्यात होते त्या दोन महिन्यांत खालून हा रानाचा फुटवा आला होता, आणि एरवी जे ते पहिल्या आठवड्यात खुडून टाकत ते वाढून माझ्याहून उंच झालं होतं.

माझ्या हातातल्या फांद्यांवर पाच पानं होती. उभ्या फांदीवर सात. मी पुन्हा मोजली. मग वरची डहाळी मोजली, मग खालची. सगळीकडे सात. आणि गाठ? ती माझ्या हातातल्या तुकड्यावर होती.

मी काय केलं सांगू? वेणीची रिबीन सोडली. कापलेली गाठ पुन्हा खुंटावर ठेवली, नीट बसवली आणि रिबिनीने घट्ट बांधली. हात सोडला तर सगळं डोलून एका अंगाला पडलं. मी पुन्हा बांधलं. तिसऱ्यांदा बांधताना रडू आलं.

नळाखाली एक ओलं पोतं पडलेलं असायचं. फांद्या मी त्यात कोंबल्या आणि पोतं हौदाच्या मागे सरकवलं. पुरावा दिसू नये म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं.

*

मंगळवारी संध्याकाळी काका-काकू आले. काका जीपमधून उतरले ते एका हाताने पोट धरून, आणि अंगणातच थांबले.

“अगं, हे बघितलंस का?”

“काय झालं? टाका दुखतोय का?” काकू घाबरल्या.

“टाका मरू दे. छाटणी बघ!”

आई कुंपणापाशी उभी होती. “आमच्या शालनचा उद्योग,” ती म्हणाली. “मला तर भीतीच वाटत होती, नासधूस करते की काय.”

काका एकेका झाडापाशी थांबत गेले. वाकता येत नव्हतं, म्हणून मान पुढे काढून बघत होते. “बाहेरचा डोळा... बरोबर. काप तिरपा... बरोबर. इथे बोटभर जास्त ठेवलंस, चालतं. शालन, मागचाही केलास?”

आता बोलायचं. मला ते कळत होतं.

“हो,” मी म्हणाले. “मागचा पण केला.”

“शाबास!” काका म्हणाले आणि वेताच्या खुर्चीत बसले. फार चालायची परवानगी नव्हती, नाहीतर मागे जाऊन बघून आले असते. काकू मात्र हातपाय धुवायला मागे गेल्या आणि पदराला हात पुशीत परतल्या.

“मागचं झाड तर काय फोफावलंय हो! माझ्या डोक्याच्या वर गेलंय.”

“बघ,” काका मला म्हणाले. “छाटणीचा गुण.”

काकूंनी मिरजेहून आणलेल्या पिशवीतून दोन बुंदीचे लाडू काढून माझ्या हातावर ठेवले. मी ते खाल्ले. चव काही लागली नाही, पण खाल्ले. नको म्हटलं असतं तर विचारलं असतं, का गं?

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर काकांनी मला हाक मारली. व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. टेबलावर वर्तमानपत्र, पाण्याची वाटी आणि एक चाकू. त्या चाकूची मूठ हाडाची होती आणि मुठीच्या टोकाला साल उचलायची चपटी पट्टी होती. तो चाकू काका कुणाला देत नसत.

“बस. तुझा हात आता तयार झालाय,” ते म्हणाले. “आज डोळा भरायला शिकवतो.”

“म्हणजे?”

“एका झाडाचा डोळा काढून दुसऱ्या झाडात बसवायचा. तुमच्या कुंपणाला रानगुलाब आहे ना, त्यात भरायचा. दोन वर्षांत तुमच्या दारात चहाचा गुलाब! बारा वर्षांत मी कुणाला दिला नाही. मागितला नाही असं कुणी नाही, पण नासवतील म्हणून दिला नाही.”

मी वर्तमानपत्राची सुरकुती सरळ केली.

“तू मागचं झाड छाटलंस, त्यातली एखादी काडी उरली असेल तर आण. ओलीत राहिली तर चार-पाच दिवस जिवंत राहते. नसली तर झाडावरची तोडू.”

“आहे,” मी एकदम म्हणाले. “आणते मी!”

हौदामागचं पोतं उघडलं. नळाचं पाणी झिरपून ते ओलंच राहिलं होतं. पण दोन फांद्यांचे शेंडे पोत्याबाहेर राहिलेले, ते वाळून काळे पडले होते. बुडाकडचं लाकूड जुनं, त्यावरचे डोळे केव्हाच मेलेले. तिसरी फांदी आत दबून राहिली होती. तिच्या शेंड्याकडचा वीतभर तुकडा अजून हिरवा होता. मी त्यावरचे डोळे मोजले. सहा.

तिथे, हौदामागे उकिडवी बसून मी मनाशी एक बेत केला. चांगला नव्हता, पण तुमच्यापासून लपवत नाही. ही काडी काकांना द्यायची. डोळा भरायला शिकायचं. आमच्या कुंपणात चहाचा गुलाब येईल. काकांच्या झाडाला पुढे पांढरी बारीक फुलं लागतील तेव्हा लागतील. तोवर काही ना काही होईलच.

काडी पाहून काका खूश झाले. “हे बघ, नुसतं ऐकू नकोस, बघ.” त्यांनी डोळ्याच्या खालून चाकू घातला आणि वर काढला. तुळशीच्या पानाएवढी सालीची चकती निघाली, मधोमध डोळा. “मागे थोडं लाकूड येतं. ते सोडवायचं. आत बारीक ठिपका दिसतो? तो त्याचा जीव. तो राहिला तर डोळा जगतो.” आणि मला तो ठिपका नीट दिसावा म्हणून त्यांनी चकती मधोमध उभी चिरली आणि वर्तमानपत्रावर टाकून दिली.

पाच.

“आता तू.” त्यांनी चाकू माझ्या हातात दिला आणि सरावाला रानगुलाबाची एक तोडलेली काडी समोर ठेवली. “आधी या मेलेल्या काडीत बसवून बघ. हात बसला की मग कुंपणात.”

मी चाकू घातला. चकती निघाली. मागचं लाकूड सोडवायला गेले तर त्याच्याबरोबर ठिपकाही निघून आला. डोळ्याच्या जागी भोक.

“पहिला आहे, जाणारच,” काका म्हणाले. “टाक. दुसरा घे.”

चार.

दुसरा मी अगदी हळू काढला. ठिपका शाबूत. काकांनी दाखवल्याप्रमाणे रानाच्या काडीवर इंग्रजी टी-सारखा छेद घेतला, साल दोन्ही बाजूंनी उचलली आणि चकती आत सरकवली. इतकी छान बसली की मला क्षणभर सगळ्याचा विसर पडला.

काका हसायला लागले. “उलटा बसवलास. डोळ्याचं तोंड खाली. आता तो जमिनीत उगवणार का?”

काकू दारात भाजी निवडत होत्या. “अहो, हसू नका एवढं, टाके उसवतील,” त्या म्हणाल्या.

मी चकती बाहेर ओढली. ती फाटली.

तीन.

“काही हरकत नाही. पुन्हा दाखवतो.” काकांनी माझ्या हातून काडी घेतली आणि चौथ्या डोळ्याखाली चाकूचं पातं टेकवलं. “हाही फाडूनच दाखवतो, म्हणजे जीव कुठे असतो ते पक्कं कळेल.”

“नको!”

“का गं?”

“नको, काका. संपतील.”

“संपेनात का. मागे अख्खं झाड उभं आहे. उद्या दहा काड्या काढू.”

पातं सालीत शिरायला लागलं होतं. मी दोन्ही हातांनी काकांचं मनगट धरलं.

“झाड नाही आहे,” मी म्हणाले. “मी कापलं. गाठीच्या खाली. ते उभं आहे ते रानाचं आहे. सात पानांचं. हे तीनच आहेत. आता हे तीनच आहेत, काका.”

काकूंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

“कधी?” काकांनी विचारलं.

“रविवारी.”

“तीन दिवस!” काकू उठल्याच. “तीन दिवस गप्प बसलीस? आणि लाडू खाल्लेस? मी विचारलं, चांगले आहेत का, तर मान डोलावलीस!”

“अगं, थांब,” काका म्हणाले.

“काय थांब? बारा वर्षं त्या झाडाला तुम्ही...”

“थांब म्हटलं ना.” मग माझ्याकडे वळून, “मला मागे घेऊन चल.”

एक हात काकूंच्या खांद्यावर आणि एक माझ्या, असे ते मागच्या दारी आले. खुंटावरचं शेण वाळून टणक झालं होतं. माझी रिबीन बाजूलाच पडली होती, चिखलाने माखलेली. काकांनी रिबिनीकडे पाहिलं, मग माझ्या वेण्यांकडे. एक वेणी दोऱ्याने बांधलेली होती.

“पुन्हा जोडायला बघितलंस?”

मी मान डोलावली.

ते रागावतील याची मी वाट बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

“करडं काढ, हिरवं ठेव,” ते शेवटी म्हणाले. “असंच म्हणालो होतो ना मी?”

“हो.”

“आधी गाठ बघ, मग रंग बघ, असं म्हणायला हवं होतं. ते मी माझ्या हाताने करतो, तोंडाने कधी सांगितलं नाही.” त्यांनी हिरव्या फांदीला नख लावून पाहिलं. साल सहज सुटत होती, आत ओल होती. “पण तू विचारलंस तेव्हा ‘मागचाही केला’ म्हणालीस, ते माझं शिकवणं नव्हतं.”

“नाही, काका.”

“बरं. आता वेळ घालवू नकोस. ते तीन डोळे ओल्या फडक्यात ठेव.”

मग त्यांनी समजावलं. मूळ बारा वर्षांचं होतं, जिवंत होतं, आणि त्याने स्वतःहून ही ताजी फांदी काढली होती. डोळा भरायला याहून चांगली जागा मिळाली नसती. पण भरायचा तो अगदी खाली, जमिनीपासून चार बोटांवर, आणि काकांना वाकता येत नव्हतं. कॉलनीचा माळी हिरवळ कापायचा आणि मेंदीचं कुंपण सरळ करायचा, त्याला यातलं काही येत नव्हतं.

“मी बघू का?” काकू म्हणाल्या. राग होता, पण म्हणाल्या.

“तुझा हात विळीवर चांगला आहे. इथे शालनचाच हवा.”

“मी तीन घालवलेत,” मी म्हणाले.

“दोन. एक मी घालवला.”

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत मी व्हरांड्यात सराव केला, आणि या वेळी रानगुलाबाच्याच डोळ्यांवर. ते कुंपणाला हवे तेवढे होते. आधीच तेच वापरायला हवे होते, असं काका दोनदा पुटपुटले. मी चौदा डोळे फुकट घालवले. पंधरावा बसला. सोळावा फाटला. सतरावा, अठरावा, एकोणिसावा बसले.

गुरुवारी सकाळी शाळेआधी मी ओलं फडकं उघडलं. तीनपैकी एका डोळ्याची साल मऊ पडली होती. काकांनी तो बाजूला केला. राहिले दोन.

“दोन्ही इथेच भरायचे, का एक तुमच्या कुंपणाला?” त्यांनी विचारलं. “तुला द्यायचा म्हटलं होतं मी. शब्द मोडत नाही.”

“दोन्ही इथे,” मी म्हणाले.

काकूंनी जमिनीवर गोणपाट अंथरलं. मी त्यावर पालथी झोपले, गाल मातीला लागेपर्यंत. काका स्टुलावर बसून वरून बोलत होते. “श्वास सोड. आता छेद घे. खोल नको, साल तेवढीच. उचल... हाडाच्या टोकाने उचल. डोळ्याचं तोंड?”

“वर.”

“नक्की?”

“वर आहे, काका.”

“सरकव.”

एक पुढच्या अंगाला भरला, एक मागच्या. काकूंनी केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, ओल्या पट्ट्या फाडून हातात दिल्या. त्या मी डोळ्याच्या वर आणि खाली गुंडाळल्या, डोळा तेवढा उघडा ठेवून. उठले तेव्हा शाळेची पहिली घंटा होऊन गेली होती आणि माझ्या फ्रॉकची पुढची बाजू नुसता चिखल होती. काकूंनी मला तशीच नळाखाली उभी केली, आपल्या हाताने पुसलं, वेणीतला दोरा सोडला आणि स्वतःच्या डब्यातली एक जुनी लाल रिबीन बांधली.

तीन आठवडे थांबायचं होतं. त्यात दिवाळी येऊन गेली. कारखाना सुरू झाला, चिमणीतून काजळी उडून पानांवर बसायला लागली. मी रोज सकाळी फडक्याने त्या दोन डोळ्यांभोवतीची काजळी टिपायची. दहाव्या दिवशी मागचा डोळा काळा पडला. मी काकांना सांगायला गेले तर ते म्हणाले, “दुसरा?”

“हिरवा आहे.”

“मग दुसऱ्याकडे बघ.”

बाविसाव्या दिवशी काका हळूहळू चालत मागच्या दारी आले. मी पट्ट्या सोडल्या. पुढच्या अंगाचा डोळा फांदीच्या सालीशी मिळून गेला होता आणि तांदळाच्या दाण्याएवढा फुगला होता. टोकाला लालसर. काकूसुद्धा पदर खोचून बघायला आल्या.

“धरला,” काका म्हणाले. “आता वरची फांदी कापायची.”

“कुठली?”

“ही. रानाची. डोळ्याच्या वर दोन बोटं ठेवून. सगळी.”

मी वर पाहिलं. एव्हाना ती फांदी काकूंच्याही डोक्याच्या खूप वर गेली होती. तिला पानं होती, बाजूच्या डहाळ्या होत्या, शेंड्याला कळ्यांचा झुबका आला होता. त्या खुंटावर जिवंत म्हणून जे दिसत होतं ते सगळं तेवढंच होतं. आणि खाली तो तांदळाचा दाणा.

“ही असेपर्यंत मुळांचं पाणी हिच्याकडेच जाणार,” काका म्हणाले. “डोळा नुसता बसून राहील.”

“आणि ही कापली, आणि डोळा नाही फुटला तर?”

“तर काही उरणार नाही.”

“मग तुम्ही कापा.”

“मला वाकता येत नाही अजून. माळ्याला बोलावतो. दोन बोटं मोजून कापणं त्याला जमेल.” ते अगदी साधेपणाने बोलत होते. टोमणा नव्हता. “तुला नको असेल तर खरंच बोलावतो, शालन. त्यात काही नाही.”

लाल मुठीची कात्री धुण्याच्या दगडावर ठेवलेली होती. त्या रविवारनंतर मी तिला हात लावला नव्हता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

मी आत जाऊन गोणपाट आणलं. ते अंथरलं आणि पालथी झोपले. सर्वांत खालच्या डहाळीची पानं मोजली. सात. वरच्या डहाळीची मोजली. सात. बोटाने चाचपून डोळा शोधला. त्याच्या वर दोन बोटं ठेवून नखाने सालीवर खूण केली. पातं चुकून घसरलं तर आधी मला लागावं म्हणून डावा अंगठा डोळ्यावर धरला, दाबला नाही, नुसता वर धरला.

मग उजव्या हाताने कात्री उघडली, खुणेवर तिरपी लावली आणि मिटली.